जूनचं पेट्रोल

सुहासरावांनी शेडचं कुलूप काढलं आणि ताडपत्री ओढली. विक्रांतची काळी मोटरसायकल जूनमध्ये लावली होती तशीच उभी होती. पोलीस ठाण्याचे प्रमुख असलेल्या टीआय साहेबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. त्यांच्यासोबत फ्रीगंजमधला मेकॅनिक माणिक आला होता, हातात रबरी नळी आणि काचेची रिकामी बाटली घेऊन.

सुहासरावांची मुलगी गौरी पायरीवर उभी होती. लग्नाला बावीस दिवस उरले होते, आणि तिचा होणारा नवरा विक्रांत पोलिसांसमोर हाताची घडी घालून उभा होता.

ऑगस्टमध्ये भर संध्याकाळी एका काळ्या मोटरसायकलने अहल्याबाईंना धडक दिली होती. गाडीवाला थांबलासुद्धा नाही. चौथ्या दिवशी बाई गेल्या. आठवीत गौरीला गणित शिकवायच्या त्या. कॅमेऱ्यात नंबर दिसला नाही, फक्त गाडीची ठेवण दिसली. तसल्या अकरा गाड्या शहरात निघाल्या. दहा तपासून झाल्या होत्या, ही अकरावी.

विक्रांतला परवाच ठाण्यात बोलावलं होतं. गाडी बघायला रविवारी येऊ, असंही तिथेच सांगितलं होतं. पण गौरीच्या घरी त्याने हे आज सकाळी, पोलिसांच्या अर्धा तास आधी सांगितलं. उगाच तुम्हाला घोर कशाला, म्हणाला.

"गाड़ी आपके यहाँ क्यों?" साहेबांनी सुहासरावांना विचारलं.

"इनका फ्लैट तीसरी मंज़िल पर है, साहब. बारिश में कहाँ रखते? मेरे पास शेड है."

"अगस्त में आप लोग घर पर थे?"

सुहासराव अडखळले. खोटं बोलणं त्यांना रेल्वेच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत जमलं नव्हतं, आता काय जमणार. "चार दिन ग्वालियर गए थे. चाबी विक्रांत के पास थी. गमलों में पानी देने के लिए."

"और एक्सीडेंट उन्हीं चार दिनों में हुआ."

गाडीचं मीटर वर्षभर बंद होतं, आणि तिच्यावरच्या एका ओरखड्यावरूनही काही सिद्ध होण्यासारखं नव्हतं. म्हणून तर माणिकला आणलं होतं.

"पेट्रोल झूठ नहीं बोलता, साहब," माणिक म्हणाला. "आजकल का पेट्रोल दो-तीन महीने में बिगड़ जाता है. पानी पकड़ता है. जून का होगा तो बास मारेगा. बीच में गाड़ी निकाली, नया भरवाया, तो फ़ौरन पता चलेगा."

सुहासरावांना राहवलं नाही. पावसाळ्यात गाडी कशी ठेवावी हा त्यांचा आवडता विषय, आणि तो सांगायला त्यांना पोलीससुद्धा चालत होते. जूनमध्ये विक्रांतने अर्धी टाकी तशीच ठेवून गाडी लावली, तेव्हा त्यांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं. एक तर टाकी काठोकाठ भर, नाहीतर पूर्ण रिकामी कर. हे असलं अर्धवट पेट्रोल दिवाळीपर्यंत सडेल आणि कार्बोरेटर जाम होईल. पुढे गणपतीत, नवरात्रात, जेवताना, ते हेच ऐकवत राहिले होते. घरात सगळ्यांचे कान किटले होते.

"मतलब सड़ा होना चाहिए," साहेब म्हणाले. "देखते हैं."

गौरीचे तळहात घामेजले. टाकीतून काय निघणार हे त्या अंगणात फक्त तिलाच माहीत होतं. ती पायरी उतरून विक्रांतजवळ गेली.

"विक्रांत, ऐक. त्या टाकीत..."

"जूनचं पेट्रोल आहे, गौरी. फालतू टेन्शन घेऊ नको." तो हसला आणि त्याने तिचा हात धरला. त्याचा हात कोरडा होता.

तिला त्याच्या या बेफिकिरीची दया आली. हा माणूस बुडणार आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. ती साहेबांकडे वळली.

"साहब, मुझे कुछ बताना है."

"बताना बिटिया, सबकी सुनेंगे. पहले टंकी."

माणिकने झाकण उघडलं आणि नळी आत सोडली. गौरीची आई, नंदाताई, देवघराच्या दारातून बघत होत्या. काल संध्याकाळी जावई पत्रिकांचा गठ्ठा न्यायला आला, तेव्हा शेडमध्ये एकटाच गाडी पुसत तासभर रमला होता, आणि त्या कौतुकाने म्हणाल्या होत्या की गौरीपेक्षा याचा गाडीवरच जास्त जीव आहे.

गौरीने डोळे मिटून घेतले.

आधी वास आला. आंबूस, कडवट, जुन्या रंगाच्या डब्याचा येतो तसा. तिने डोळे उघडले. माणिकने बाटली उजेडात धरली होती. आत काळपट पिवळं पेट्रोल होतं आणि तळाशी पाण्याचा वेगळा थर.

"चार-पाँच महीने से कम का नहीं है, साहब. ये गाड़ी बारिश में हिली ही नहीं."

साहेबांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि विक्रांतच्या खांद्यावर थाप मारली. सुहासरावांचे डोळे भरून आले. दोन मिनिटं का होईना, त्यांनी या मुलावर संशय घेतला होता, आणि ते त्यांनी त्याला तोंडावर सांगून माफी मागितली. नंदाताई साखर आणायला आत धावल्या.

गौरी मट्कन पायरीवर बसली. सगळ्यांना वाटलं, पोरीच्या जिवावरचं दडपण उतरलं.

"बघ, म्हणत नव्हतो?" विक्रांत तिच्यासमोर वाकला. "तू काय सांगणार होतीस साहेबांना?"

गौरीची नजर त्याच्यावरून माणिकच्या हातातल्या बाटलीकडे गेली. बाबांची तीच ती बडबड ऐकून, लग्नानंतर याची गाडी अडून बसू नये म्हणून, दसऱ्याच्या दिवशी कोणालाही न सांगता तिने ती टाकी पार रिकामी केली होती आणि पंपावरून आणलेलं पाच लिटर ताजं पेट्रोल स्वतःच्या हाताने तिच्यात भरलं होतं.