अंगठाबहाद्दर

रांगेत पुढे तेरा जण होते, आणि साईनाथच्या मते तेराही ठोंबे. कोणाच्या शर्टाची बटणं उघडी, कोणाच्या तोंडात तोबरा. खालापूरच्या टोलनाक्यामागच्या गोदामात खोक्यांवर स्टिकर चिकटवायचं काम, आणि त्यासाठी सकाळपासून ही झुंबड. तो एम.ए., बी.एड., इतिहासात पहिला वर्ग. आणि उभा कुठे, तर यांच्यात!

अर्जात मात्र त्याने ‘बारावी’ एवढंच लिहिलं होतं. शाळांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. आणि इथला सुपरवायझर स्वराज, स्वतः दहावीत दोनदा आपटलेला, कालच बजावून गेला होता, “जास्त शिकलेले नकोत मला. चार दिवस टिकतात आणि वर अक्कल शिकवतात. सापडला की गेटाबाहेर.” हे काम गेलं तर दुसरं नव्हतं. वर्षभर साईनाथ बायकोच्या शिलाई मशीनच्या कमाईवर जेवत होता.

दारात हजेरीचं मशीन, बाजूला स्वराज उभा. काचेवर अंगठा टेकायचा. त्याला किळसच आली. दहा वर्षांपूर्वी कशेळ्याजवळच्या एका पाड्यावर तो साक्षरता वर्ग घ्यायचा, तेव्हा बायांना तोंडावर म्हणायचा, “अंगठाबहाद्दर कुठल्या! ठसा तर जनावराच्या खुराचाही उमटतो. सही करतो तो माणूस.”

मशीनशेजारी टेबलावर एक वही होती. राबून राबून ज्यांचे अंगठे झिजलेत, त्यांचे ठसे मशीन घेत नाही. त्यांनी वहीत सही करायची. झाडूवाली म्हातारी वहीवर वाकली होती. पाळी आल्यावर साईनाथने काचेवर अंगठा टेकला आणि तिने मान वर केली.

“मास्तर?”

सोनुबाई. नुसता ‘स’ काढायला जिला महिना लागला होता, तीच.

स्वराज चमकला. “मास्तर? मावशे, वळखतेस याला?”

साईनाथने अंगठा काचेवर तसाच दाबून धरला. सोनुबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग काचेवरच्या अंगठ्याकडे पाहिलं, सावकाश.

“नाय रं,” ती म्हणाली. “चुकले मी. आमचे मास्तर अंगठेवाल्यांना मानसांत नाय धरायचे. ते कशाला अंगठा लावतील?”

तिने आडनावासकट सही केली, खाली रेघ ओढली आणि झाडू उचलला.

मशीन किणकिणलं. साईनाथची हजेरी घेऊन झाली होती.