सन्मानाची मोटार

"दूरवरून आलेल्या विधवा भगिनींना उनपदेवच्या गरम झऱ्याचा लाभ व्हावा म्हणून वधूपक्षाने स्वतंत्र मोटारीची व्यवस्था केली आणि सन्मानाचा नवा पायंडा पाडला. संपूर्ण सोहळ्याचे व्हिडिओ चित्रणही करण्यात आले." एक्क्याण्णव सालच्या वैशाखात पद्मालयला लागलेल्या लग्नाचा वृत्तान्त समाजाच्या मासिकाने असा छापला. मोटार होती. ती उनपदेवला गेली. चित्रणही झाले. वृत्तान्तातला शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटा आहे तो वृत्तान्त.

वधूपक्ष असोद्याचा, वरपक्ष धुळ्याचा. पद्मालय दोघांनाही सोयीचे, शिवाय तिथे गणपतीचे देऊळ आणि कमळांचे तळे. पाहुण्यांना आणण्या-नेण्याचे आणि फिरवण्याचे काम वधूचे मामा गिरधरभाऊ यांनी अंगावर घेतले होते. अजिंठ्याची सहल त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ठेवली, पाटणादेवीची त्यानंतर. उनपदेवची मोटार तेवढी लग्नाच्याच सकाळी सुटली. त्या वाटेवर येण्याजाण्यात अर्धा दिवस मोडतो, आणि मुहूर्त दुपारचा होता. सन्मानाला नेमकी तीच वेळ सापडली.

मोटारीत वधूची आई मंजुळाबाई होती. नवऱ्यामागे केळीच्या बागेत राबून तिने एकुलत्या चंद्रकलेला एम.ए.पर्यंत शिकवले होते. कन्यादान तिला नको होते. ते भाऊ-भावजय करणार होते. लेकीच्या डोक्यावर चार अक्षता टाकायच्या, एवढीच तिची मागणी होती. त्या तिने पहाटेच मागून घेऊन पदराच्या गाठीत बांधल्या होत्या.

"गिरधर, आजच कशाले पाठवतो मले?"

"अक्का, धुळ्याच्या बायका आहेत गाडीत. घरचं कोणी सोबत नसलं तर नावं कोणाला ठेवतील? तुलाच ना? आंघोळी उरकल्या की माघारी."

"मुहूर्ताआधी आणून सोडशीन ना?"

"तुझ्यावाचून लग्न लागतं का, अक्का?"

तिच्या मोरपंखी लुगड्याच्या निऱ्या चंद्रकलेने स्वतःच्या हाताने घालून दिल्या. मोटारीच्या पायरीपर्यंत पोचवायलाही तीच आली.

उनपदेवला दगडी गोमुखातून कढत पाणी पडत होते. बायका न्हाऊन पुन्हा मोटारीत बसल्या, तेव्हा बांगड्या-कुंकवाची पेटी घेऊन एक विकणारी आत चढली. तिने पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकेक कपाळ पाहिले. पेटी न उघडताच ती खाली उतरली. मग मंजुळाबाईनेही मान वळवली आणि तीच कपाळे पाहिली. धुळ्याच्या होत्या, असोद्याच्या होत्या. कुंकू एकीच्याही नव्हते.

"वना, गाडी काढ," ती ड्रायव्हरला म्हणाली.

"ऊन कलल्याबिगर काढू नको, असं सांगितलंय भाऊंनी." वनाने तिच्याकडे न पाहता काच पुसायला घेतली. "मी हुकमाचा माणूस, अक्का."

मोटार परतली तेव्हा पंगती उठल्या होत्या आणि व्हिडिओवाला आपल्या दिव्यांच्या वायरी गुंडाळत होता. गिरधरभाऊंनी उत्तर तयार ठेवले होते.

"धुळेकरांना चालत नाही, अक्का. मुलीकडचे आपण. त्यांचा शब्द मोडता येतो का?"

धुळेकरांचा शब्द तेवढ्यात आपल्या पायांनीच तिथे येऊन पोचला. वरमाय प्रमिलाबाई मांडवातून तरातरा येत होती. तिचेही कपाळ पांढरे होते. तिच्या मुलाने तिला हाताला धरून पहिल्या रांगेत आणून उभे केले होते. भटजींनी त्यावर चकार शब्द काढला नव्हता. उलट, वधूची आई कुठे आहे, असे त्यांनी दोनदा विचारले होते.

"कोठे व्हती व याहीन?" प्रमिलाबाईने विहिणीचा हात धरला. "मी तठे एकली उभी, आन् तू डुबक्या मारी ऱ्हायनी. पोरनं लगीन शे का जत्रा?"

मंजुळाबाईने भावाकडे पाहिले. भाऊ मांडवाचे खांब पाहत होता. ती वधूच्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतले.

चंद्रकला आरशापुढे बसून मुंडावळ्या सोडत होती. मंजुळाबाईने पदराची गाठ सोडली. दिवसभराच्या घामाने अक्षतांचा गोळा झाला होता. तो बोटांनी मोकळा करून तिने दाणे लेकीच्या डोक्यावर टाकले.

"तुझ्या मामाले मी या जन्मी माफ नाही करणार," ती म्हणाली. "त्याच्या दारात पाय नाही ठेवणार."

चंद्रकलेने केसांत अडकलेला एकेक दाणा वेचला आणि आरशाखाली ठेवला. मग आरशातूनच आईकडे पाहत ती जे बोलली, ते शब्दशः असे:

"मामांना बोल लावू नकोस, आई. त्यांना मीच सांगितलं होतं. कॅसेट जन्मभर बघायची असते, त्यात दोन-दोन पांढरी कपाळं मला नको होती. आणि सासूबाईंना मी काढू शकत नव्हते."