डावा गुडघा

"गुंजन आज डावा गुडघा जपून राहिली, मंडळी! डाव्यावर भारच देत नाही पोरगी!"

वाक्य तोंडातून सुटलं आणि मग घनश्याम सरांच्या लक्षात आलं, की आपण हे माईकवर बोललो. चारही भोंग्यांतून ते दवनीवाड्याच्या मैदानभर घुमलं. प्रेक्षकांनी ऐकलं. समोरच्या सालेकशाच्या संघानंही ऐकलं.

"सर, ये क्या बोल दिया?" माईकसेटवाला छोटेलाल कानाशी कुजबुजला. "गुंजन तो अपनीच है ना?"

अपनीच! अहो, गोरेगावच्या या संघातली एकूणएक पोरगी सरांनीच घडवलेली. सर एकेकाळी विदर्भाच्या संघातले चढाईपटू होते. खांदा निखळला आणि खेळणं सुटलं. मग ते शाळेतल्या पोरींना कबड्डी शिकवू लागले. दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या दिवसांत गावोगावच्या सामन्यांचं समालोचनही करू लागले. आवाज असा खणखणीत, की "घनश्याम सर येत नसतील तर सामना पुढं ढकला," असं आयोजक म्हणायचे. यंदा तर गोंदियाचे केबलवाले कॅमेरा घेऊन आले होते. अंतिम सामना स्वतःच्याच संघाचा होता, तरी सरांना माईक काही सोडवला नाही.

सकाळीच एसटीत गुंजन त्यांच्या शेजारी येऊन बसली होती. गुडघा दुखतो म्हणाली. फक्त त्यांनाच सांगितलं तिनं, मैत्रिणींनाही नाही. दुखरा पाय ओळखू येऊ नये म्हणून दोन्ही गुडघ्यांना सारख्याच नीकॅप चढवल्या होत्या. सर तेव्हा मोबाइलवर होते. कॅमेरा कुठं लावायचा ते केबलवाल्याला समजावून सांगत होते. त्यांनी मान हलवली, तिच्या पाठीवर थाप मारली. आणि आता तेच गुपित त्यांनी सगळ्या गावाला वाटून टाकलं होतं!

गुण सत्तावीस-सत्तावीस. शेवटची चढाई. चढाईला गुंजन. पहिल्या रांगेत नागपूरच्या क्रीडा वसतिगृहाच्या बाई वही घेऊन बसलेल्या. या जिल्ह्यातून एकच मुलगी घेणार होत्या त्या.

सालेकशाच्या कप्तान पोरीनं आपल्या डाव्या मांडीवर दोन बोटं आपटली. तिच्या संघातल्या पोरींनी माना हलवल्या. सरांनी ती खूण पाहिली. एवढ्या वर्षांच्या खेळात अशा खुणा त्यांनी हजारदा केल्या होत्या. टाइमआउट मागावा म्हणून ते खुर्चीतून उठले, पण तेवढ्यात पंचांची शिट्टी वाजली.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

"बोला ना जी, सर!" छोटेलालनं त्यांना ढोसलं. "केबल पर चालू है!"

सरांनी माईक तोंडापासून दूर धरला. आपण शिकवलं ते विसरून जा पोरी, पळ, मागं फिर, असं काहीतरी ते मनातल्या मनात ओरडत होते. गुंजन आत घुसली. कोपऱ्यातली पोरगी तिच्या डाव्या पायावर झेपावली. दुसरी झेपावली. पाठोपाठ कप्तानही. तिघींनी मिळून तो गुडघा आवळला.

गेला. पोरीचा पाय गेला. आपण तोडला तो. सरांनी माईक टेबलावर टाकला आणि ते धावत सुटले.

पण मैदानात भलतंच घडत होतं. गुंजनचा डावा पाय खुंट्यासारखा जमिनीत रोवलेला. तिघी ओढत होत्या आणि तो तसूभर हलत नव्हता! उलट त्याच पायाचा रेटा देऊन तिनं तिघींना फरफटत आणलं, अंग पुढं झोकून दिलं आणि हात मधल्या रेषेवर टेकवला.

तीन गुण! मैदान उसळलं. शिट्ट्या काय, टोप्या काय, धूळच धूळ!

सर पोचले तेव्हा गुंजन कपडे झटकत उठत होती. तोंडात माती, आणि त्या मातीतून हसत होती.

"काय डोकं लावलं जी, सर! डावा म्हटल्याबरोबर साऱ्या डाव्यावरच तुटून पडल्या. उजव्याले कोनी हातही नाही लावला!"

"उजव्याले?" सर पुटपुटले.

"मंग? दुखून तं उजवाच राहिला ना! सकाळी सांगतलं नाही का तुमाले?" ती मैत्रिणींकडं वळली. "पाहा वं, याले म्हनतेत कोच! खुर्चीत बसून खेळले माह्यासाठी!"

"हे चिटिंग होये, सर," सालेकशाची कप्तान फणकारली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

वसतिगृहाच्या बाई लगबगीनं आल्या. आधी त्यांनी गुंजनचं नाव-गाव वहीत उतरवून घेतलं. मग सरांकडं बघून म्हणाल्या, "घनश्यामराव, असा चतुर कोच आमच्याकडंसुद्धा नाही बरं!"

छोटेलाल तार सोडवत धावत आला. त्यानं माईक सरांच्या तोंडापुढं धरला. "सर, पब्लिक को बताओ, ये आयडिया सूझा कैसे?"

कॅमेरा वळला. नुसतं हसून मान हलवली असती, तरी भागलं असतं. सर हसलेही. पण गुंजन त्यांच्याकडं अशा काही नजरेनं बघत होती, की ते हसू त्यांच्या ओठांवर टिकेना. त्यांनी माईक हातात घेतला.

"गुंजन, मी कायचंच डोकं नाही लावलं वं. तू सकाळी सांगून राहिली होती ना, तवा मी आयकलंच नव्हतं."