मास्तरांचा खोकला

"मास्तर, तुमी जरा बाहेर बसता का?" हेडमास्तरांनी नरमाईनंच विचारलं.

शांतवन मास्तर उठले. परीक्षेच्या वेळी पोरांच्या बापांना वर्गाच्या दारातून हुसकून लावण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि आज त्यांच्यावरच ती पाळी आली. रागावण्यासारखं मात्र त्यात काही नव्हतं. टेबलासमोर उभी असलेली त्यांची दया प्रत्येक प्रश्नाला आधी बापाच्या चेहऱ्याकडे बघायची आणि मगच तोंड उघडायची. नाव विचारलं तेव्हाही तिनं तेच केलं होतं.

मास्तर वऱ्हांड्यातल्या बाकावर खिडकीखाली टेकले. गुडघे दुखत होते. देवळाली प्रवऱ्याची ही शाळा काही लांब नव्हती, पण वस्तीवरून चालत येताना यंदा तीन ठिकाणी बसावं लागलं होतं. पोर उतारवयात झालेली. पहिलीत असताना कुण्या गुरुजीनं तिच्या हातावर पट्टी ओढली, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले मास्तर तिला कडेवर घेऊन घरी आले, ते आलेच. त्यानंतर तिची शाळा म्हणजे मास्तरांची ओसरी. शाळेचा दाखला नाही, म्हणून हेडमास्तर आज तोंडी विचारून बघत होते. जमलं तर आठवीत, नाहीतर पाचवीत लहान पोरांत बसायचं. दया आत्ताच आईच्या खांद्याला लागली होती. पाचवीच्या बाकात ती मावली नसती, आणि लाजेनं दुसऱ्या दिवशी शाळेकडे फिरकलीही नसती. मास्तरांचा जीव तेवढ्यावर अडकला होता. पुन्हा घरी शिकवायचं बळ आता त्यांच्यात उरलं नव्हतं.

आतून हेडमास्तरांचा आवाज आला. प्रवरा कुठं उगम पावते?

मग दयाचा बारीक आवाज, "रतनगडाला."

बरोबर. मास्तरांना बरं वाटलं. तेवढ्यात मैदानावरून धुळीचा लोट आला. आषाढ सरत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता, आणि मास्तरांचा घसा तर खडूनं कधीचाच धरलेला. ते खोकले.

"न्हाई, न्हाई," दया आत घाईनं म्हणाली, "हरिश्चंद्रगडाला."

मास्तर चपापले. ही असं का करते? सांगितलं ते बरोबर होतं की. त्यांनी पुढचा खोकला दाबून धरायला बघितलं, पण घशात बसलेली धूळ कुणाचं ऐकते? खोकला आलाच.

"भीमाशंकरला."

मग मास्तरांच्या ध्यानात आलं. पोरीला कधी मारायचं नाही, 'चूक' हा शब्दसुद्धा तिच्यापुढं काढायचा नाही, असा त्यांचा नेम होता. ती चुकली की ते नुसते खाकरायचे. मग ती थांबायची, विचार करायची, दुसरं उत्तर द्यायची. आल्यागेल्याला ते हे कौतुकानं सांगत. बघा, छडी नाही, ओरडा नाही, नुसतं खाकरलं की पुरे.

त्यांनी उपरण्याचा बोळा करून तोंडात धरला. डोळ्यांना पाणी आलं. शिपाई कानिफनाथ माठातलं पाणी घेऊन आला आणि म्हणाला, मास्तर, लई खोकताय, घ्या घोटभर. मास्तरांनी हातानंच त्याला नको म्हटलं. प्यायला तोंड उघडलं असतं तर खोकला बाहेर पडला असता.

आत हेडमास्तर समजुतीनं म्हणत होते, घाबरू नको बाळ, पहिलं काय सांगितलं हुतंस ते सांग. दया वाट बघत होती, आणि कशाची ते मास्तरांखेरीज कुणालाच कळण्यासारखं नव्हतं.

मास्तर उठले आणि चालू लागले. पायऱ्या उतरले. मैदानात पोरी खो-खो खेळत होत्या, त्यांच्या कडेनं गेले. फाटक ओलांडलं, तरी त्यांचं समाधान होईना. पार कोरड्या कालव्यापर्यंत गेले, जिथून शाळेची घंटासुद्धा नीट ऐकू येत नव्हती. मग तिथं बाभळीला हात टेकून ते पोटभर खोकले. आत पोरीचं काय चाललंय ते आता त्यांना कळायची सोय नव्हती. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. त्यांना भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं.

बऱ्याच वेळानं दया त्यांना शोधत आली. फाटकातून एकटीच निघाली होती, भेदरलेली होती.

"काय झालं?"

"सोमवारी या म्हनाले. आठवीत."

मास्तरांनी देवाचं नाव घेतलं, उपरण्यानं तोंड पुसलं. किती तरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"म्हंजे सगळं बरोबर सांगितलंस की गं."

दया त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"ते मला कसं कळनार, बाबा? तुमी न्हवता ना तिथं."