अबू रामिझची जागा

आम्ही हेब्रॉनचे पॅलेस्टिनी गवंडी, रोज पहाटे नाका ओलांडून इस्रायलमध्ये कामाला जाणारे. लष्करी नाक्यावरच्या जाळीच्या बोळात अबू रामिझ चेंगरून मेला, तेव्हा त्याला पडायलाही जागा नव्हती. फिरत्या दारापर्यंत आम्ही त्याला उभाच नेला. "अंग चोरा रे, सगळे जाऊ," असं तो रोज म्हणायचा.

तेव्हापासून त्या गर्दीत एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी असते. रांग सरकते तशी तीही सरकते. तिच्यात कुणी पाय टाकत नाही.

आज आमच्यातल्या सुफियानला उशीर झाला होता.

"मेला तरी नंबर सोडत नाही म्हातारा," म्हणत तो त्या मोकळ्या जागेत घुसला.

"सुफियान, बाहेर ये," मी म्हटलं.

त्याला कुणाचाच धक्का लागत नव्हता. तरी आधी खांदा आत दबला, मग सुक्या काटक्यांसारख्या फासळ्या मोडल्या. तोंडातून रक्त आलं. तो पडला नाही.

"एकेक जण," लाऊडस्पीकरवरून सैनिक ओरडला. दार फिरलं, रांग सरकली. सुफियान कुठं दिसेना. मोकळी जागा मात्र आता दोन माणसांएवढी होती.

मागून त्या जागेकडे रेटा आला. मी जाळी धरली. बोटं सुटली.

आतून कुणीतरी अंग चोरून मला जागा करून दिली.