टोक दिसलं पाहिजे

धाकटीने जावयाचा कॅमेरा टेबलावर ठेवला आणि त्यातले तीन फोटो थोरलीला दाखवले. "बघ ना ताई, हा कुठला सुरय? मला मेलीला सगळे सारखेच दिसतात."

सुरय पक्षी सगळ्यांनाच सारखे दिसतात. पांढरं अंग, काळी टोपी, लाल चोच, कात्रीसारखी शेपटी. पण किनाऱ्यावरच्या पक्षीवाल्या मंडळींत फोटोवरून सुरय ओळखावा तर थोरलीनेच. तिची नजरच तशी. नुसत्या अंड्याकडे बघून आतलं पिल्लू भांडखोर निघणार की सोशिक, ते सांगायची. एकदा म्हणे एका सुरयाने पाण्यात स्वतःला पाहिलं, आपण नेमके कुठले ते त्याचं त्यालाच कळेना, तर विचारायला उडत हिच्या खिडकीशी आला. असं लोक सांगायचे. लोकांना ते तिनेच सांगितलेलं.

मंडळींची नोंदवही तिच्या कपाटात. तिने नाव लिहिलं की पक्षी ठरला. त्या वहीत ध्रुवाकडच्या सुरयाची नोंद एकच होती. तिची स्वतःची, बावीस वर्षांपूर्वीची. तो फोटो समोरच भिंतीवर, फ्रेममध्ये. उडता पक्षी, चोचीत आडवा धरलेला चंदेरी मासा. घरी येणाऱ्याला पाणी नंतर मिळायचं, फोटो आधी.

थोरलीने चष्मा पुसला. पहिला फोटो बघितला. साध्या सुरयाच्या चोचीचं टोक काळं असतं, शाईत बुडवून काढल्यासारखं. धाकटीच्या फोटोतली चोच टोकापर्यंत लालभडक, ध्रुवाकडच्याची असते तशी. दुसऱ्या फोटोत पाय इतके आखूड, की उभा आहे का बसलाय ते कळू नये. तिसऱ्यात तो उडालेला, वर ऊन, आणि पंखांच्या सगळ्या पिसांतून उजेड आरपार आलेला, तेलकट कागदातून यावा तसा.

थोरलीने कॅमेरा जवळ ओढला.

"कुठे काढलास?"

"धक्क्यावर. ह्यांच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून थांबलो, तर हा समोरच्या खांबावर येऊन बसला. म्हटलं, काढावा."

तो पुन्हा दिसावा म्हणून बावीस वर्षं थोरलीने गुडघे झिजवले, नाक भाजून घेतलं, नवऱ्याचे वाढदिवस चिखलात घालवले. आणि हिला चपलेच्या अंगठ्यावर मिळाला. लहानपणीही हेच. तासभर आरशापुढे बसून वेणी घालायची थोरलीने, आणि पाहुण्यांनी गालगुच्चा घ्यायचा तो धाकटीचा.

"साधाच आहे," थोरली म्हणाली.

"पण टोक काळं नाहीये गं."

"उन्हात तसं वाटतं. टोक दिसलं पाहिजे, टोक. ते स्वच्छ दिसलं नाही, की साधा धरायचा. नियम आहे."

"कुणाचा?"

"माझा."

धाकटीने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. चोच वाढत वाढत पडदाभर झाली. या कडेपासून त्या कडेपर्यंत लाल.

"आता दिसतंय?"

थोरलीने चष्मा पुन्हा पुसायला घेतला. धाकटीने मान वर केली आणि भिंतीकडे बघितलं.

"हा नियम बावीस वर्षांपूर्वी होता का गं, ताई?"

थोरलीनेही बघितलं. दर रविवारी ती काच ती स्वतः पुसायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. पक्षी होता. लाल चोच होती. चोचीत मासा होता, चांगला गुबगुबीत. आणि चोचीचं टोक त्या माशाच्या पोटामागे होतं.

"तेव्हा मी पायांवरून ओळखला," ती म्हणाली.

फ्रेममधल्या पक्ष्याने पाय पोटाशी घेतलेले होते.

"हो का," धाकटी म्हणाली. एवढंच म्हणाली.

थोरली उठली. कपाटातून नोंदवही काढली, पेनाचं टोपण दातांनी उघडलं. तारीख घातली. धक्का लिहिला. धाकटीचं नाव लिहिलं, सासरच्या आडनावासकट, नीट. पक्षी: ध्रुवाकडचा सुरय. मग पेन थोडा वेळ तसंच अधांतरी राहिलं. शेवटी तिने पुढे लिहिलं: नोंद दुसरी.

धाकटी खांद्यावरून वाचत होती. "दुसरी?"

"पहिली माझी आहे."

"बरं बाई. दुसरी तर दुसरी. जन्मापासून सवय आहे मला." तिच्या गालावर ती खळी पडली, पाहुण्यांना आवडायची ती. कपबशा उचलून ती आत निघाली आणि फ्रेमपाशी जराशी थांबली.

"मासा मात्र सुरेख आलाय हं, ताई."

आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. "साखर किती घालू?" धाकटीने विचारलं. तिने पुन्हा विचारलं.

थोरली खुर्चीवर चढून फ्रेमला नाक लावून उभी होती, आणि काचेवरून नखाने मासा बाजूला सारून बघत होती.