एक सेकंदही न गाळता

“वेग, टिकाऊपणा, भरवसा, तिन्ही एकाच ड्राइव्हमध्ये पाहिजे?” दुकानदाराने चष्मा कपाळावर ढकलला. “साहेब, असा जावई शोधायला निघालात तर मुलगी घरातच राहील.”

विमा सर्व्हेअर हसला नाही. वीस वर्षं लोकांची जळकी गोदामं आणि चेपलेल्या गाड्या तपासून दुसऱ्याच्या शब्दावरचा त्याचा विश्वास उडाला होता. आधी पुरावा, मग बोलणं.

“दोन कॅमेरे आहेत. आईच्या खोलीत. एक पलंगावर, एक दारावर. चोवीस तास रेकॉर्डिंग.”

“मग साधी फिरती डिस्क घ्या की. निम्म्यात काम होईल.”

“ती गुरगुरते. रेकॉर्डर आईच्या उशाशी राहणार, आणि तिची झोप आधीच चिमणीएवढी.”

दुकानदाराने दोन डब्या काउंटरवर ठेवल्या. “ही स्वस्तातली. सुरुवातीला घोडा, लिहायला जास्त आलं की गाढव. वीज गेली तर हातातलं टाकून मोकळी. आणि ही दुसरी. वीज गेली तरी हातातलं लिहून पुरं करते, मगच डोळे मिटते.”

“किती लिहून थकेल?”

“दोन हजार चारशे टेराबाइटची हमी आहे.”

सर्व्हेअरने मोबाईलवर हिशेब मांडला. दिवसाला चाळीस जीबी, म्हणजे वर्षाला पंधरा टेराबाइट. “एकशे साठ वर्षं.”

“तेवढं कोण बघायला बसतंय! चार टेराबाइटची घ्या. शंभर दिवस मावतील, मग जुनं पुसून नवं लिहील.”

“शंभरच दिवस हवेत मला.”

“हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायचं, अशीही सोय आहे. जागा वाचते.”

“नको. मग ती म्हणेल, मी आले तेव्हाच नेमकं बंद होतं.”

“ती कोण?”

“बहीण.”

दुकानदाराने चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि महागडी डबी पिशवीत घातली.

वडिलांनी जाताना मृत्युपत्रात एकच ओळ अशी लिहिली होती, की तिने बहीणभावांचं बोलणं तुटलं. आईला जो सांभाळील, घर त्याचं. निवाडा मामांनी करावा. आई तळमजल्यावर, सर्व्हेअर बायकोसह वरच्या मजल्यावर, बहीण तीन तासांच्या अंतरावर. निवाडा काय व्हायचा ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण बहिणीने मामांना फोन केला. “दर रविवारी मी जाते. आईचं मीच बघते.” आईला विचारायची सोय नव्हती. समोर कोण बसलंय हेच तिला समजत नव्हतं.

मामा निवृत्त शाळा-तपासनीस. “तीन महिन्यांनी येईन. तोवर भांडू नका,” एवढंच ते म्हणाले.

त्या संध्याकाळी सर्व्हेअरने स्वतः स्टुलावर चढून कॅमेरे बसवले. आई पलंगावरून त्याच्याकडे पाहत होती. “इलेक्ट्रिशियन का?” तिने विचारलं.

“हो आजी,” आईला सांभाळायला ठेवलेली बाई मध्येच म्हणाली, आणि जीभ चावली.

दुसऱ्या दिवसापासून आईला पाहिल्याशिवाय तो चहाला तोंड लावेना. दुपारी जळक्या गोदामात उभा राहूनसुद्धा मोबाईलवर तिची खोली उघडी असायची. औषधाला पाच मिनिटं उशीर झाला की बाईचा फोन वाजलाच.

“बाई, दोनची गोळी?”

“देतेच आहे दादा. भात खातायत त्या.”

“भात नंतर. गोळी आधी.”

बायको एकदा म्हणाली, “किती तो जीव टांगणीला! जरा कामात लक्ष घाला.”

“आई आहे ती माझी,” तो म्हणाला. ते खरंच होतं. तिचा डोळा लागला की त्यालाही हायसं वाटायचं. रविवारी मात्र त्याची नजर दारावरच्या कॅमेऱ्यावर असायची. बहीण आली की तो तारीख टिपायचा, आली नाही तर दोनदा टिपायचा.

शंभर दिवस भरले. मामा आले. सर्व्हेअरने ड्राइव्ह काढून त्यांच्या हातात दिली, संगणक जोडून दिला, पळवत कसं पाहायचं ते शिकवलं. मामा दोन दिवस दार लावून बसले. परीक्षेचे पेपर तपासावेत तशी वहीत एकेक रेघ.

तिसऱ्या दिवशी सगळे बैठकीच्या खोलीत जमले. बहिणीने पदर बोटाला गुंडाळला होता.

“ताई,” मामा म्हणाले, “तू अकरा वेळा आलीस.”

“रविवार चौदा झाले!” सर्व्हेअर खुर्चीतून अर्धा उठला. “तीन बुडवले, मामा. दर रविवारी म्हणाली होती ना?”

“मुलाला गोवर होता, दादा,” बहीण म्हणाली. “अंगावर घेऊन आईजवळ बसले असते का?”

“कारणं आम्हीही रोज ऐकतो. दाव्यावर लिहिलेलं असतं ते धरायचं.”

मामांनी वही मांडीवर उपडी ठेवली. त्यांचा आवाज उगाचच मऊ झाला. “अरे, यंत्र आहे. मधलं काही गळालं असेल. वीज गेली असेल.”

“शक्य नाही. घरात इन्व्हर्टर आहे.”

“एखादा दिवस, एखादा तास? आठवून बघ. चुकतं रे यंत्र.”

“एक सेकंदसुद्धा नाही, मामा,” सर्व्हेअर म्हणाला. “बाजारातली सगळ्यात भरवशाची आणलीय मी. वाटल्यास लिहून देतो.”

मामांनी खिशातलं पेन काढून त्याच्यापुढे धरलं.

“मग लिही. मुलगी अकरा वेळा. मुलगा दोनदा, कॅमेरे लावताना आणि परवा ड्राइव्ह काढताना.”